लायनफिशचा अंदाज कुठे चुकला?

परकीय सागरी जीव कुठवर पसरतील याचे अंदाज कसे बांधतात, याविषयी मी जे काही वाचतो त्यात भूमध्य समुद्रातल्या लायनफिशची हकिगत मला सर्वांत उद्बोधक वाटते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा आणि पाठीवर विषारी काटे असलेला हा मासा मूळचा लाल समुद्राचा आणि आपल्या हिंदी महासागराचा. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यापासून लाल समुद्रातले शेकडो जीव त्या वाटेने उत्तरेकडे गेले. लायनफिश मात्र १९९१ मध्ये इस्रायलच्या किनाऱ्याजवळ एकदा सापडला आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ त्याची नोंदच नव्हती. २०१२ मध्ये लेबनॉनजवळ दोन मासे मिळाले.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, भूमध्य समुद्रात या माशाचा फैलाव होण्याची शक्यता कमी आहे, असा निष्कर्ष काढला. हा हिशेब उथळ नव्हता. लायनफिशची अंडी आणि पिल्ले सुमारे महिनाभर प्रवाहाबरोबर वाहत जातात, त्यामुळे कोणत्या किनाऱ्यावरून निघालेली पिल्ले कोणत्या किनाऱ्याला लागतील हे संगणकावर मांडता येते. फ्लोरिडाजवळ १९८५ मध्ये प्रथम दिसलेला हा मासा पुढे कॅरिबियन समुद्रभर पसरला. त्या भागाच्या तुलनेत भूमध्य समुद्रातली सोयीची ठिकाणे प्रवाहांनी एकमेकांशी फारशी जोडलेली नाहीत, असे त्या मांडणीत दिसले. प्रत्यक्षात २०१६ मध्ये सायप्रसच्या संशोधकांनी आक्रमण सुरू झाल्याचे जाहीर केले, तेही मुख्यतः पाणबुड्यांनी आणि मच्छीमारांनी कळवलेल्या नोंदींच्या आधारे. ट्युनिशिया, इटली आणि २०२१ मध्ये क्रोएशियापर्यंत तो दिसला.

माझ्या मते प्रवाहांचे गणित चुकले असे म्हणण्यापेक्षा प्रश्नच अपुरा होता असे म्हणणे योग्य ठरेल. थोडे मासे आले तर त्यांची संतती कुठे जाईल, एवढेच ते गणित सांगू शकत होते. पण कालव्याचे दार कायम उघडे असल्यामुळे नवे मासे पुन्हा पुन्हा येऊ शकतात आणि पाणीही वर्षागणिक तापत आहे. (२०१५ मध्ये झालेल्या कालव्याच्या विस्ताराला पुष्कळ जण दोष देतात, परंतु लेबनॉनचे मासे त्याआधीचे आहेत.)

नोंदींचीही एक अडचण आहे. नकाशावर ठिपके दाट दिसतात ते बहुधा जेथे हौशी पाणबुडे भरपूर उतरतात तेथे, आणि कोऱ्या जागेचा अर्थ मासा नाही असा घ्यावा की पाहणारा नाही असा, हे ठिपक्यांवरून कळत नाही. म्हणून पुढचा अंदाज बांधताना तापमानाचा आधार मला अधिक भरवशाचा वाटतो. प्रयोगशाळेत लायनफिश साधारण १६ अंश सेल्सिअसला खाणे थांबवतो आणि १० अंशांच्या आसपास मरतो. इटली आणि क्रोएशिया यांच्यामधल्या एड्रियाटिक समुद्राच्या उथळ उत्तर टोकाला हिवाळ्यात पाणी याहूनही थंड होऊ शकते, त्यामुळे उन्हाळ्यात तेथे दिसलेला मासा वसंत ऋतूपर्यंत टिकला का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. त्यासाठी पाणबुड्यांनी तारीख, खोली आणि तापमान यांच्यासह ‘मासा दिसला नाही’ अशीही नोंद करायला हवी. सध्या कळवले जाते ते बहुतेक दिसलेल्या माशाविषयीच.