सुरतेहून बडोदा: आत्याबरोबर घरं बघायला

पहिली गोष्ट, सोमवारी जाऊ नका. मागच्या खेपेला मी सोमवारी गेले आणि राजवाड्याच्या फाटकावरूनच परत फिरले. सोमवारी लक्ष्मीविलास बंद असतो आणि त्याच आवारातलं फत्तेसिंग संग्रहालयही. चूक माझीच, जायच्या आधी कोणाला विचारलंही नव्हतं. या वेळी शनिवार धरला आणि आत्याला बरोबर घेतलं. आत्या एकाहत्तर वर्षांची, वाढली बडोद्यात, दांडिया बाजारात. ते घर विकूनही चाळीस वर्षं झाली. आता आम्ही सगळे सुरतेला.

सुरत-बडोदा अंतर सुमारे 130 किलोमीटर. सकाळची लवकरची गाडी पकडली तर नऊच्या आत बडोद्याला उतरता येतं. अंकलेश्वर सुटलं की नर्मदा लागते. पुलावरून भरूचचा जुना गोल्डन ब्रिज दिसतो, त्यासाठी तेवढा वेळ खिडकीशी बसा. भरूचला खारी सिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, विकायला चढते, ती घ्याच. दिवसभर पुरते.

उतरल्यावर सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडा, अलकापुरीच्या बाजूने नको. पाय धड असतील तर इथून चालत जाण्यासारखा रस्ता आहे: काळा घोडा, विश्वामित्रीचा पूल, कीर्तिमंदिर, कोठी, मग रावपुरा. पुलावर थांबून खाली बघा. विश्वामित्रीत मगरी आहेत, भर शहरात. आत्याच्या गुडघ्यांमुळे आम्ही रिक्षा केली. रिक्षावाल्याने विचारलं, "क्यां जवुं छे, माजी?" आत्याने अस्सल बडोदेकरी गुजरातीत भाडं असं ठरवलं की मी गप्पच बसले. तुमच्याबरोबर आत्या नसेल तर आधी भाडं ठरवा, मग बसा.

सगळ्यात आधी तांबेकर वाडा. लोक आधी राजवाडा करतात आणि वेळ उरला तर इकडे येतात. हा क्रम उलटा करा. राजवाडा बघून आलात तर वाडा अंधारा आणि जुनाट वाटेल. भाऊ तांबेकर 1849 ते 1854 बडोद्याचे दिवाण होते, त्यांचं हे राहतं घर. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. बाहेरून बघाल तर गल्लीतलं एक लाकडी घर. खरी गंमत माडीवर. जिना उभा आणि अरुंद, हात भिंतीला लावूनच चढावं लागतं. आत्या एकेक पायरी मोजत आली.

वर भिंतीच भिंतींवर चित्रं. रामायण-महाभारत, कृष्णलीला आणि मध्येच इंग्रज-मराठे लढाई. मी एका कोपऱ्यात लढाईपाशी बराच वेळ उभी होते. शिपाई एकाला एक चिकटून, सगळ्यांचे डोळे एकाच बाजूला, जणू कोणीतरी "इकडे बघा" म्हणालंय. घोडे मात्र प्रत्येक वेगळा, चित्रकाराचा जीव घोड्यांत होता हे उघड आहे. काही ठिकाणी रंगाचे पोपडे निघालेत. आत्या चित्रं कमी आणि तुळया जास्त बघत होती. म्हणाली, "आपल्या माडीला असाच कडीपाट होता. पावसाळ्यात फुगायचा आणि दार लागायचं नाही." प्रकाश कमी असतो, म्हणून सकाळीच जा. हाताने काही चाचपू नका. शौचाला वगैरे जायचं असेल तर रावपुऱ्यातच उरकून घ्या.

तिथून अरविंद निवास जवळ आहे, दांडिया बाजारातच. रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगा. योगी अरविंद 1893 ते 1906 बडोदा संस्थानाच्या नोकरीत होते, कॉलेजात इंग्रजी-फ्रेंच शिकवायचे. हे घर त्यांचे स्नेही खासेराव जाधव यांचं. आम्हा सुरतकरांना एक गोष्ट मजेची वाटते: डिसेंबर 1907 मध्ये सुरतेच्या काँग्रेसमध्ये जोडा फेकला गेला, सभा उधळली, आणि तिथून अरविंद आले ते बडोद्याला. बडोद्यातच योगी विष्णू भास्कर लेले यांच्याबरोबर ते तीन दिवस ध्यानाला बसले. आपणही त्याच रुळांवरून आलो की. आत शांतता पाळतात, मोबाइल बंद ठेवा. दहा मिनिटं बसू म्हणून बसलो आणि पाऊण तास गेला. आत्याला डुलकी लागली असावी, ती ध्यान म्हणते.

आमचं जुनं घर शोधायला अर्धा तास घालवला. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. आत्याने कव्हर घेतलं.

जेवायला सेव-उसळ. तिखट सांभाळून, तर्री वेगळी मागा.

लक्ष्मीविलासबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तिथे माहिती भरपूर मिळते. मेजर मँटने आराखडा केला, तो 1881 मध्ये वारला, पुढचं काम चिझमने केलं आणि 1890 मध्ये महाल पुरा झाला. "बकिंगहॅमच्या चौपट" हे वाक्य त्या दिवसात मी तिघांकडून ऐकलं. आत फोटो काढू देत नाहीत. तिकीट महाग वाटेल, पण दरबार हॉलची रंगीत काच दुपारच्या उन्हात बघितलीत तर ते वसूल होतं. चालणं बरंच आहे, फाटकापासूनच. मला राहून राहून वाटत होतं ते कवळाण्याच्या गोपाळबद्दल. मालेगावकडच्या खेड्यातलं बारा वर्षांचं पोर 1875 मध्ये दत्तक आलं, सयाजीराव झालं आणि पुढे एवढं घर बांधलं. ताकद असेल तर संग्रहालयातली रविवर्म्याची चित्रं बघा. आम्ही सोडली.

परतीच्या गाडीआधी दीड-दोन तास कमाटीबागेसाठी ठेवा. स्टेशन तिथून जवळ आहे. बागेत संकल्पभूमी आहे, बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक. सप्टेंबर 1917 मध्ये बाबासाहेब आंबेडकर संस्थानाच्या नोकरीवर रुजू व्हायला आले. कोलंबियात शिकून आलेले, तेही गायकवाडांच्याच शिष्यवृत्तीवर. शहरात राहायला जागा कोणी देईना. शेवटी पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी तिथूनही बाहेर काढलं. दोन मित्रांनीही घरात घेतलं नाही. मुंबईच्या गाडीला पाच तास होते, ते त्यांनी या बागेत काढले.

आत्या बाकावर बसून खारी सिंग सोलत होती. म्हणाली, "पाच तास? अगं, तेवढ्यात तर आपली वाडा, निवास आणि राजवाडा बघून झाली."

स्टेशनला अर्धा तास आधी पोचा. शनिवारी संध्याकाळी जनरलला उभं राहायलाही जागा नसते, दोघांचं आरक्षण आधीच करा. आमची गाडी वीस मिनिटं उशिरा आली, तेवढ्यात फलाटावर लिल्या, म्हणजे ओलसर, चिवड्याचं पाकीट संपलं.