दुर्बिणीला न दिसलेलं

दुर्बिणीच्या तपासणीत (एंडोस्कोपीत) सगळं ठीक निघालं, पण छातीतली जळजळ काही जाईना. म्हणून अन्ननलिकेचा कणभर तुकडा तपासायला काढला. भाची पॅथॉलॉजी शिकते. "मामा, हे बघा," म्हणत तिने मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

गुलाबी अस्तर, तळाशी जांभळ्या पेशींचा थर. तो एरवी जाडीच्या 15 टक्क्यांच्या आत असतो. माझा चांगलाच वाढलेला. पोटातलं आम्ल वर येऊन वरचं अस्तर झिजलं की तळ घाईघाईने नव्या पेशी काढतो म्हणे. आणि पेशींच्या मधे पांढऱ्या फटी, आमच्या विदर्भातल्या मे महिन्यातल्या काळ्या मातीसारख्या!

"एवढ्यावरून हे आम्लामुळेच असं पक्कं नाही सांगता येत, दुसऱ्या कारणांनीही असं दिसतं," ती म्हणाली. मला मात्र रात्री अकराचं सावजी मटण आठवत होतं. वर तर्री मागून घेतलेली.