जॅझ गिटारवर तीन सूर पुरतात

जॅझ गिटार शिकायला घेतलं की पहिल्यांदा समोर येतो तो कॉर्ड्सचा भलामोठा चार्ट, थर्टीन्थ, फ्लॅट नाइन, शार्प इलेव्हन आणि प्रत्येकीचे पाच-सहा शेप, आणि बरेच जण तिथेच गळतात. मी कोणालाही जॅझ दाखवायला बसलो की तो चार्ट आधी मिटवायला लावतो. तीन सूर घ्या, रूट, थर्ड आणि सेव्हन्थ, म्हणजे सा, ग आणि नी. याला शेल व्हॉइसिंग म्हणतात आणि माझं ठाम मत आहे की हे नवशिक्यांपुरतं नाहीये, आयुष्यभर वाजवायची गोष्ट आहे.

मग फिफ्थ, म्हणजे पंचम, का सोडायचा? कारण मेजर का मायनर हे थर्ड सांगतो, कॉर्ड निवांत आहे का पुढे जायला बघतेय हे सेव्हन्थने कळतं, आणि साध्या कॉर्डमधला पंचम यातलं काहीच सांगत नाही. शिवाय जाड तार छेडली की तिच्या नादात पंचम आधीपासूनच असतो, मग त्यासाठी वेगळं बोट कशाला अडकवायचं.

आता गिटार हातात घ्या आणि हे वाजवाच, नुसतं वाचून मजा नाही. सहावी तार म्हणजे सगळ्यात जाड, पहिली सगळ्यात बारीक. डी मायनर सेव्हन: पाचवी तार ५वा फ्रेट, चौथी ३रा, तिसरी ५वा. मग जी सेव्हन: सहावी तार ३रा फ्रेट, पाचवी म्यूट, चौथी परत ३रा, तिसरी ४था. आणि सी मेजर सेव्हन: पाचवी ३रा, चौथी २रा, तिसरी ४था. झाली तुमची टू-फाइव्ह-वन, म्हणजे स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्ड्सची जॅझमधली नेहमीची चाल. आता रूट विसरा आणि फक्त चौथ्या-तिसऱ्या तारेकडे बघा. आधी तिसऱ्या तारेवरचा सूर एक फ्रेट खाली आला आणि चौथीवरचा जागेवरच राहिला, मग चौथीवरचा एक फ्रेट खाली आला आणि तिसरीवरचा थांबला. बस एवढंच. दरवेळी एकच सूर अर्धा स्वर सरकतो आणि अख्खी हार्मनी बदलते! मोठमोठे सहा तारांचे शेप धरून हात उड्या मारत असतो तेव्हा हे ऐकूच येत नाही. व्हॉइस लीडिंग, म्हणजे एका कॉर्डमधला प्रत्येक सूर पुढच्या कॉर्डमध्ये कसा सरकतो, हा शब्द किती पुस्तकांत वाचला तरी तो कानाला कळतो तो इथे.

आणखी एक गंमत. मधल्या जी सेव्हनचे चौथ्या-तिसऱ्या तारेवरचे दोन्ही सूर तसेच ठेवा आणि सहाव्या तारेऐवजी पाचव्या तारेचा ४था फ्रेट दाबा. ही झाली डी फ्लॅट सेव्हन, म्हणजे ट्रायटोन सब्स्टिट्यूशन (एका सेव्हन कॉर्डच्या जागी सहा फ्रेट दूरची सेव्हन कॉर्ड), ज्याचं नाव ऐकून लोक घाबरतात. खालचा बेस डी, डी फ्लॅट, सी असा पायरी पायरीने उतरतो आणि वरचे सूर आधीचेच.

या पद्धतीचा बादशाह म्हणजे फ्रेडी ग्रीन. जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या बँडमध्ये तो १९३७ साली आला आणि १९८७ ला गेला तोपर्यंत जवळपास सगळा काळ तिथेच होता, अख्खा ब्रास सेक्शन समोर आणि हा विना अँप्लिफायर, आर्चटॉप गिटारवर, तालाच्या प्रत्येक बारमध्ये (आवर्तनात) चार ठोके, दर ठोक्याला छोटीशी कॉर्ड. नीट कान लावला तर कित्येकदा त्यातला एखादाच सूर स्पष्ट ऐकू येतो, बाकीचे नुसता ठसका देतात. पण तो नसता तर तो स्विंग, ती जॅझची झुलती लय, तशी चालली नसती असं मला मनापासून वाटतं.

त्यामुळे उजव्या हाताइतकंच डाव्या हाताकडे लक्ष द्या. सहावी तार दाबणाऱ्या बोटाच्या टोकानेच पाचवी हलकी झाकायची, दुसरी आणि पहिली तार बाकीच्या बोटांच्या खालच्या भागाने बंद ठेवायच्या, आणि कॉर्ड वाजली की पकड लगेच सैल करायची, बोटं तारेवरून उचलायची नाहीत. सूर किती वेळ धरायचा हे इथे ठरतं आणि स्विंग त्यातच आहे. हे संथ टेंपोवर करा, फास्ट वाजवण्यापेक्षा ते खरंच जास्त अवघड आहे.

बँडमध्ये बेसवाला असेल तर रूट पण सोडून द्या, तो त्याचा प्रांत आहे, आणि मोकळं झालेलं बोट दुसऱ्या तारेवर न्या. डी मायनर सेव्हनच्या त्याच दोन सुरांवर दुसरी तार ५वा फ्रेट म्हणजे नाइन्थ (रूटपासून मोजलेला नववा सूर), मग ते बोट तिथेच ठेवून जी सेव्हनवर गेलात की तोच सूर थर्टीन्थ होतो, आणि सी वर आल्यावर दुसरी तार ३रा फ्रेट, परत नाइन्थ. सूर तीनच, पण आता तो सगळा महागडा चार्ट तुमच्या हातात आला.

एका ठिकाणी मात्र शेल कमी पडतं, ते म्हणजे हाफ डिमिनिश्ड. बी मायनर सेव्हन आणि बी हाफ डिमिनिश्ड यांचं शेल अगदी सारखंच, फरक फक्त फिफ्थचा, तो फ्लॅट असतो आणि मायनर टू-फाइव्हचा सगळा रंग त्याच्यातच असतो. तिथे बेसवाला बी वाजवत असेल तर तुम्ही साधी डी मायनर ट्रायड (तीन सुरांची कॉर्ड) वाजवा, डी, एफ, ए, म्हणजे थर्ड, फ्लॅट फिफ्थ आणि सेव्हन्थ तिन्ही आले.