३१ मेला जन्मलेले गुरुजी

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. आम्ही ज्या सहकारी बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो, तिथून या दिवसांत तक्रारींची रीघ लागते आणि त्यातल्या बहुतेक अंगठ्याचा ठसा न उमटण्याच्या असतात. वयाने रेषाच झिजलेल्या असतात. २०२४ साली मात्र वेगळंच सुरू झालं. बँकेतली जन्मतारीख आधारशी जुळेना. फरक बरोब्बर एका दिवसाचा, आणि दर वेळी बँक एक दिवस मागे.

एका दिवसाचा फरक म्हटला की आमच्या धंद्यातला कुणीही डोळे मिटून ‘टाइमझोन’, म्हणजे वेगवेगळ्या प्रदेशांच्या वेळांतला फरक, म्हणतो. आमच्या टीम लीडनेही म्हटलं आणि लगेच खोडूनही टाकलं. टाइमझोनचा घोळ असता तर सगळ्यांच्याच तारखा सरकल्या असत्या ना? शिवाय भारताची वेळ एकच, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात घड्याळं पुढे करण्याची थेरं आपल्याकडे नाहीत. म्हणजे शाखेतल्यांनी टाइप करताना चुका केल्या असणार. हे आमच्या ऑफिसचं सगळ्यात लाडकं निदान आहे.

खरा धागा मिळाला तो शाखेतूनच. तालुक्याच्या गावातल्या एका शाखेतल्या मॅडमनी अडकलेल्या पेन्शनरांची यादी वहीत लिहून ठेवली होती. फोनवर म्हणाल्या, “सर, एक गंमत सांगू का? नव्वदीच्या आजोबांचं नीट होतंय, सत्तरीवाल्यांचंही होतंय. अडकतात ते सगळे ऐंशीच्या आगेमागेचे. आणि त्यातल्या कितीतरी जणांची तारीख तुमच्याकडे ३१ मे दिसते.”

३१ मे म्हटल्यावर मी सरसावून बसलो. महाराष्ट्रात त्या पिढीच्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळा जूनमध्ये उघडायच्या, आईबापांना तारीख माहीत नसायची, मग मास्तर दाखल्यावर १ जून टाकून मोकळे व्हायचे. चाचणीसाठी यापेक्षा चांगला डेटा पैसे मोजूनही मिळाला नसता. मी फक्त १ जूनवाले वेगळे काढले आणि वर्षांप्रमाणे लावले. १९४१ बरोबर. १९४२ बरोबर. १९४३, १९४४, १९४५ चूक. १९४६ पासून पुढे पुन्हा सगळं बरोबर.

१९४३ ते १९४५. या वर्षांत असं काय होतं, याचं उत्तर प्रोग्रामिंगच्या पुस्तकात नाही, इतिहासाच्या आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं तासभर पुढे केली होती. जगभरातल्या टाइमझोनच्या डेटाबेसात ‘एशिया/कोलकाता’ची नोंद उघडली की दिसतं: ऑक्टोबर १९४१ पासून १५ मे १९४२ पर्यंत साडेसहा तास, मग साडेतीन महिने पुन्हा साडेपाच, आणि १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत परत साडेसहा. १९४२ चा जून मधल्या फटीत पडतो, म्हणून ती मंडळी वाचली.

पुढचं गणित सरळ आहे. बँकेच्या जुन्या, जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या प्रणालीत जन्मतारीख नुसती तारीख म्हणून नव्हती, त्या दिवसाची मध्यरात्र म्हणून होती. १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत, म्हणून या सगळ्यांचे आकडे ऋण. जावाला युद्ध माहीत होतं, कारण ती हाच डेटाबेस वापरते. त्यामुळे १ जून १९४३ ची मध्यरात्र तिने साडेसहा तासांच्या हिशेबाने -८३९०५३८०० अशी ठेवली. नव्या प्रणालीत डेटा हलवणाऱ्या कंत्राटदाराने त्या आकड्यात १९८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, मिळवले आणि तारखेचा भाग तेवढा कापून घेतला. उत्तर आलं ३१ मे, रात्रीचे अकरा. अकरा वाजल्याचं कुणाला दिसलंच नाही, कारण वेळ कापून टाकलेली. मी मूळ आकडे पुन्हा चालवले तेव्हा बिघडलेल्या झाडून सगळ्या नोंदींत तेवीस हा तास निघाला. बऱ्याच दिवसांत इतकं समाधान वाटलं नव्हतं.

अपवाद निघाला तो १ सप्टेंबर १९४२ चा. त्या दिवशी जन्मलेले साडेसहाच्या काळातले असूनही बरोबर होते. यावर माझी एक दुपार गेली. डेटाबेसाप्रमाणे त्या दिवशी मध्यरात्र झालीच नाही, बारा वाजायच्या जागी एकदम एक वाजला. नसलेली वेळ मागितली तर जावा पुढची धरते, आणि तिथे हा जादा तास आणि कंत्राटदाराचा कमी पडलेला तास एकमेकांना खाऊन टाकतात.

बरं, जावाचं ‘बरोबर’ तरी कुणाचं? हा इतिहास प्रमाणवेळेचा आहे. मुंबईत १९५५ पर्यंत मुंबई वेळ टिकून होती, प्रमाणवेळेहून ३९ मिनिटं मागे, आणि तिच्यासाठी त्या डेटाबेसात वेगळी नोंदच नाही. १९४३ साली एखाद्या खेड्यात मूल जन्मलं तेव्हा भिंतीवर घड्याळ तरी होतं का? जन्मतारखेत वेळ घालायची गरजच नव्हती. तारखेसाठी नुसत्या तारखेचा प्रकार बहुतेक डेटाबेसांत असतो, तो न वापरणं हा निव्वळ आळस. आणि चाचणीतले नमुना ग्राहक? सगळे १९९० नंतरचे. तपासणाऱ्या पोरांनी आपल्याच वयाची माणसं भरली होती.

शाखेत गेलो तेव्हा यादीतले एक निवृत्त गुरुजी भेटले. त्यांना सगळं समजावून सांगितलं. युद्धाचं ऐकून त्यांना काही विशेष वाटलं नाही. म्हणाले, “अरे बाळा, माझी तारीख माझ्या मास्तरांनी ठरवली, आणि मी पुढे वर्गच्या वर्ग १ जूनला जन्माला घातलेत. तुझ्या मशीनला एका दिवसाचं एवढं काय लागलं?” मशीनला लागतं. बँकेत ३१ मे आणि आधारवर १ जून असेल तर दाखला अडकतो, दाखला अडकला की पेन्शन थांबते.

दुरुस्ती सोपी वाटत होती: त्या काळातल्या तारखा एक दिवस पुढे ढकला. पण दरम्यान काही शाखांनी कागद बघून हाताने तारखा नीट केल्या होत्या, त्या आमच्या स्क्रिप्टने २ जूनवर नेल्या असत्या. म्हणून स्थलांतराच्या आधीचा बॅकअप शोधून प्रत्येक तारीख मुळापासून पुन्हा काढली आणि आताच्या नोंदीशी ताडून पाहिली. जवळपास सगळ्या जुळल्या.

ज्या जुळल्या नाहीत त्या अजून माझ्या डोक्यात आहेत. एका शाखेतल्या साहेबांनी बँकेचीच तारीख खरी मानून काही म्हाताऱ्यांना आधार बदलून आणायला पाठवलं होतं. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. ज्यांनी ती बदलून आणली, त्यांची बँकेतली नोंद आता पुन्हा १ जून करायची की आधारप्रमाणे ३१ मे ठेवायची? १ जून केली तर पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा अडकतील. आम्ही ३१ मे ठेवली आणि शेरा लिहिला. हे बरोबर केलं असं मला अजून ठामपणे म्हणता येत नाही.

जन्मतारखेच्या रकान्याचा प्रकार बदलण्याची विनंती मॅडमच्या वहीची पानं जोडून पाठवली आहे. ती खर्चाच्या मंजुरीसाठी अडकली आहे. वही कशाला जोडली, असं वरून विचारून आलंय.