गुरुवारी लाईट गेले आणि नायट्राइटचं कोडं सुटलं

नायट्राइट उतरलं! काल संध्याकाळी चाचणीच्या नळीतलं पाणी जांभळं झालंच नाही (नायट्राइट असलं की ते जांभळं होतं).

क्लोरेला या शेवाळाच्या बरणीला मी एक कॉलम जोडलाय: त्यातले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मागच्या नोंदीत तो नायट्राइटवर अडला होता, आणि तिथेच तो इतके दिवस होता. अमोनिया गायब होत होता, म्हणजे नायट्रोसोमोनस (अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू) जोरात होते. पण नायट्रोबॅक्टर (नायट्राइटचं नायट्रेट करणारे) पुढचं काम उचलेनात, नायट्रेट वाढेना, आणि नायट्रेटशिवाय क्लोरेलाची बरणी बंद चक्रात तगणार कशी? जुन्या फिशटँकचा स्पंज पिळून घातला (बाटलीबंद जिवाणूंपेक्षा हा कधीही खात्रीचा). ऑक्सिजन कमी पडत असेल म्हणून पाण्याचा वेग वाढवला, तर नायट्राइट आणखीच चढलं.

मग गुरुवारी लाईट गेले. पंप पॉवरबँकवर चालू होता, एलईडी दिवसभर बंद. संध्याकाळी रंग चक्क फिका! शुक्रवारी पुन्हा गडद जांभळा. तेव्हा तासातासाला पीएच घेतला: पहाटे ७.६, दिवे मालवायच्या वेळी ९.२. उजेडात क्लोरेला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि पीएच चढतो. २५ अंशांना ७.६ वर जेमतेम दोन टक्के अमोनिया मुक्त (अमोनियम आयन न झालेला, जिवाणूंना जाचणारा) असतो, ९.२ वर जवळपास निम्मा. मुक्त अमोनियापुढे नायट्रोबॅक्टर नायट्रोसोमोनसच्या कितीतरी आधी हात टेकतात. मी वेग वाढवून तेच पाणी त्यांच्यावर जास्त सोडत होतो.

तपकीर गल्लीतून टायमर आणला. आता कॉलमकडे पाणी फक्त पहाटे जातं. युरोपीय अंतराळ संस्थेच्या मेलिसा प्रकल्पात (अंतराळवीरांसाठी हवा-पाणी-अन्नाचं बंद चक्र), १९८९ पासून, नायट्रीकरणाचा कप्पा स्पिरुलिनापासून वेगळाच आहे. वेगळ्या कप्प्याचं मोल आता पुरतं पटलं.

पण पहाटेच्या पाण्यात ऑक्सिजन कमी. रात्रभर शेवाळानेच तो वापरलेला असतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणून अमोनिया आता सावकाश उतरतोय. यावर नायट्रोबॅक्टरसाठी दुसरा कॉलम बांधायचं ठरवलं होतं. हे लिहिता लिहिता तो बेत रद्द! सिलिकॉनची नळी वायू झिरपू देते म्हणून मी ती पूर्वी या बांधणीतून काढून टाकली होती. तिचंच वेटोळं कॉलममध्ये बुडवायचं आणि बरणीतली दिवसाची ऑक्सिजनभरली हवा त्यातून फिरवायची. ऑक्सिजन भिंतीतून आत जाईल, पण बरणीतलं दिवसाचं चढ्या पीएचचं पाणी कॉलमच्या पाण्यात मिसळणार नाही.

रविवारी बोहरी आळीत पातळ भिंतीची नळी शोधतो. कुणी असं वेटोळं वापरलं असेल तर लांबी किती ठेवलीत ते कळवा.