कुकरची शिट्टी

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी नेट सारखं जातं, म्हणून मेन्सेत्सु, म्हणजे मुलाखत, माझ्याकडेच ठेवली. आपले सकाळचे साडेनऊ, तिकडे दुपारचा एक. जपानमधल्या एका भाषाशाळेचा एप्रिलचा प्रवेश. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी दिवाणाच्या कोपऱ्यात.

पोरगा हुशार. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा; एन ५ सगळ्यात सोपी पातळी, एन १ सगळ्यात अवघड. त्याला एन ४ ला १८० पैकी १५१. पास व्हायला ९० लागतात. पुण्यात बारा वर्षं जपानी शिकवतेय, एवढे मार्क रोज दिसत नाहीत. मराठी मुलांना तसंही जपानी व्याकरण निम्मं घरूनच आलेलं असतं. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाच्या मागे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे सरळ ‘खाऊन बघणे’, ‘शिते ओकु’ म्हणजे ‘करून ठेवणे’, ‘शिते शिमाउ’ म्हणजे ‘करून टाकणे’. इंग्रजीतून शिकणारे इथे डोकं धरून बसतात. जपानी ‘त्सु’च्या उच्चाराचंही तेच. पहिल्या तासाला मी फळ्यावर ‘चूक’ लिहिते आणि मोठ्याने वाचायला लावते. झाला त्सु.

तर मुलाखत. नाव, शिक्षण, जपानच का, फी कोण भरणार. एजंटाने वीस प्रश्नांचा कागद दिला होता, उत्तरांसकट. पोरगा गणपती अथर्वशीर्ष म्हणावं तसा घडाघडा म्हणत होता. समोरच्या बाई माना डोलवत होत्या.

आणि माझ्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. सासूबाईंना सांगायचं राहिलं होतं.

बाई दचकल्या, मग हसल्या. “आ, इमा नो ओतो, नान् देस का?” आत्ताचा आवाज कसला? यातला एकही शब्द एन ४ च्या बाहेरचा नाही. दोन महिन्यांत कोणालाही येतो. हा दोन सेकंद थांबला, आणि सुरू झाला: “वाताशि नो युमे वा...” माझं स्वप्न असं की.

बाई “हाइ, हाइ” म्हणाल्या. ते ‘हो’ नसतं, ‘ऐकतेय’ एवढंच असतं. दुसरी शिट्टी. मी हाताने भाताची खूण केली. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता खोलीत कोणीतरी सांगणारं आहे हेही बाईंना कळलं. खूण केली नसती तर बरं झालं असतं.

“गोहान देस” एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं. “भात आहे.” बाई हसल्या असत्या.

जेएलपीटीत बोलायची परीक्षाच नाही. सगळे पर्याय, पेन्सिलीने गोल काळे करायचे. तोंड न उघडताही एन १ होता येतं, झालेले मी पाहिलेत. एजंटांना तर प्रमाणपत्राच्या झेरॉक्सपलीकडे काही नको असतं. आणि पालक: “मॅडम, किती महिन्यांत एन ३?” जसं काही टायपिंगचा कोर्स.

पण हे सगळं लिहून मला सुटता येत नाही. शनिवारी एक तास नुसता गप्पांचा ठेवू या का, असं त्यानेच मे महिन्यात विचारलं होतं. जुलैची परीक्षा तोंडावर होती. मी म्हटलं, आधी पेपर सोडवू, गप्पा मग. पेपर सोडवले. १५१ आले. गप्पांचा तास राहूनच गेला.

पाच दिवसांनी मेल आला, अतिशय नम्र. संभाषणाचा सराव करून पुढच्या प्रवेशाला पुन्हा अर्ज करावा.

तो पेढे आणतो तशा शांतपणे केळी घेऊन आला. म्हणाला, “सेन्सेई, कुकरला काय म्हणतात?”

“आत्सुर्योकुनाबे. पण तुला त्याची गरज नव्हती रे, नुसतं...”

त्याने वही उघडली होती. “कांजी लिपीत कसं लिहायचं?”