जिवंत माणसासाठी जागवलेली रात्र

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधल्या खेड्यातून कुणी अमेरिकेला निघालं, की आदल्या रात्री शेजारपाजार त्या घरी जमायचा. नाच, गाणी, चहा, थोडी दारू आणि पहाटेच्या सुमारास रडारड. याला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. वेक म्हणजे खरं तर मयताच्या घरी रात्रभर बसणं. इथे मात्र ज्याच्यासाठी बसायचं तो माणूस त्याच खोलीत नाचत असायचा. कधी कधी म्हाताऱ्या बायका त्याच्यासाठी विलापही करायच्या, मयतापुढे करतात तसाच. परत येणारे इतके थोडे, की आईबापांच्या लेखी तो मेल्यातच जमा.

आयरिश कवितेत घर सोडणं आणि मरण एकमेकांत इतकं का मिसळलंय, ते मला या रात्रीमुळे कळलं. मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात राहते, नर्स आहे. आई गेली तेव्हा मी इथेच होते, सगळं मोबाइलवर पाहिलं. पुढे कितीतरी दिवस सांत्वनाचं काहीही वाचवत नव्हतं. वाचता आल्या त्या या आयरिश कविता, कारण त्या समजूत घालत नाहीत.

आयरिश कवयित्री ईव्हन बोलंडची ‘क्वारंटाइन’ ही कविता घ्या. 1847 चा हिवाळा, आयर्लंडमधल्या मोठ्या दुष्काळाचं सगळ्यात वाईट वर्ष. एक नवरा-बायको वर्कहाऊसमधून, म्हणजे कंगालांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणाऱ्या आश्रयगृहातून, निघून उत्तरेकडे चालू लागतात. तिला ताप आहे, चालवत नाही, म्हणून तो तिला पाठीवर घेतो. रात्री गारठ्यात कसेबसे पोचतात आणि सकाळी दोघंही मेलेले सापडतात. तिची पावलं त्याने छातीशी धरलेली असतात, ऊब मिळावी म्हणून. बोलंड इथे बजावते की प्रेमकवितांनी या उंबऱ्याशी येऊ नये. मी रोज आजारी माणसांचे गार पडलेले पाय हाताळते. त्या पावलांवरून मला पुढे जाताच येत नाही.

आयरिश कवी शेमस हीनीने 1984 मध्ये आई गेल्यावर ‘क्लिअरन्सेस’ नावाची सुनीतं लिहिली. त्यातल्या एकात घरचे सगळे चर्चला गेलेत आणि मायलेक बटाटे सोलत बसलेत. बोलणं नाही, फक्त साली काढलेले बटाटे एकेक करून पाण्यात पडतायत. पुढे आईच्या शेवटच्या घटकेला पाद्री प्रार्थना म्हणतोय, कुणी रडतंय, आणि याला आठवतं ते तिचं आपल्याकडे झुकलेलं डोकं. बस, एवढंच. आणि ज्या देशात बटाट्यावर रोग पडला म्हणून 1845 ते 1852 या काळात सुमारे 10 लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली, तिथे बटाटे सोलणं ही साधी गोष्ट राहत नाही. हीनीने तो संबंध जोडून दाखवलेला नाही. वाचणाऱ्याला तो आपोआप लागतो.

कॉर्कपासून जवळच कोव्ह बंदर आहे. 1848 ते 1950 या काळात देशातून 60 लाखांवर माणसं बाहेर पडली, त्यातली 25 लाख या एका बंदरातून. धक्क्यावर ॲनी मूर आणि तिच्या दोन धाकट्या भावांचा पुतळा आहे. 1 जानेवारी 1892 रोजी एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कला येणाऱ्या स्थलांतरितांच्या नोंदणी केंद्रावर, नाव नोंदवलं गेलेली ती पहिली. आईबाप आधीच न्यूयॉर्कला गेले होते आणि ही पोर भावांना सांभाळत बोटीने गेली. दुष्काळानंतर मुलांच्या बरोबरीने मुलीही जात होत्या, एकट्या. थोरली जायची, धुणीभांडी करून पैसे साठवायची, मग धाकटीच्या तिकिटाचे पैसे पाठवायची.

माझ्या शेजारच्या आजींचे दोन्ही भाऊ 1950 च्या दशकात इंग्लंडला बांधकामावर गेले. आजी सांगतात, त्यांची आई रोज संध्याकाळी रेडिओवर इंग्लंडचं हवामान ऐकायची. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. कॉव्हेंट्रीकडे पाऊस असेल तर काम बंद, काम बंद म्हणजे पोरांची मजुरी बुडाली. आपल्या अंगणात काय पडतंय याकडे तिचं लक्षच नसायचं. भाऊ परतले नाहीत. यावर कुणी कविता लिहिली असेल तर मला वाचायचीय.

बोलंडची ‘द एमिग्रंट आयरिश’ मागे राहिलेल्यांच्या बाजूने लिहिलीय. घरात वीज आल्यावर रॉकेलचे दिवे जसे मागच्या बाजूला टाकून दिले, तसंच आपण देश सोडून गेलेल्या माणसांना घरातून आणि मनातून बाहेर ठेवलं, असं ती म्हणते. 1990 मध्ये मेरी रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि त्यांनी आपल्या निवासस्थानाच्या खिडकीत परदेशी गेलेल्या आयरिश माणसांसाठी दिवा लावला. हा दिवा आणि तो दिवा मला नेहमी एकत्रच आठवतात.

कवितेच्या शेवटी बोलंड म्हणते, त्यांच्याकडे जुनी गाणी होती आणि गमावण्यासारखं काही नव्हतं. इथे मात्र माझं तिच्याशी पटत नाही. ज्या घरात रात्र जागवून पोरीला निरोप दिला, तिथे गमावायचं ते मायलेकींनी त्याच रात्री गमावलं होतं. ही ओळ निघून गेलेल्या पोरीने लिहिली असती, तर ती अशी झाली नसती.